आठ दिवस आधीची कोपी

आधीच सांगून टाकते. आमच्या नांदेडच्या घरात लिंबू आणि मिरची फक्त लोणच्यात जातात, दारावर कधी टांगली नाहीत. वडील विज्ञानाचे शिक्षक, मी कॉम्प्युटर शिकलेली... अमानवीय गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जायची. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं — आणि साक्षीला सत्तर माणसं आहेत, पोटभर जेवून गेलेली.

मी लातूरला एका डाळ कंपनीत आहे. एमआयडीसीत मिल आणि मुख्य ऑफिस, मुरुडला गोदाम, कंधारला खरेदी केंद्र आणि नांदेडला विक्रीचं छोटं ऑफिस. कंपनीने एक अ‍ॅप घेतलं होतं. फेसबुकसारखंच, पण फक्त आपल्या कर्मचाऱ्यांसाठी. त्यावर माणसांना बोलतं करायचं हे माझं काम, तेही वर्षभराच्या करारावर. साहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "अर्चना, वर्षअखेरीला बघू. लोक बोलायला लागले तर अ‍ॅपही राहील आणि तूही राहशील. नाहीतर दोन्ही बंद."

मी जीव तोडून कामाला लागले. पुण्याच्या अ‍ॅपवाल्यांनी एक पीपीटी दिली होती, त्याबरहुकूम सोमवारी सुविचार, बुधवारी "माझं टेबल, माझा सेल्फी", शुक्रवारी क्विझ. आता मिलमध्ये पोती उचलणाऱ्या माणसाला कुठलं आलंय टेबल? पण ही अक्कल तेव्हा नव्हती. माझ्या प्रत्येक पोस्टला नेमाने तीन लाईक यायचे. एक साहेबांचा, एक शेजारच्या खुर्चीवरच्या रेखाचा आणि एक माझा स्वतःचा. लातूरवाले कंधारवाल्यांना ओळखायचे ते "माल ओला पाठवला" एवढ्या भांडणापुरतेच, तेही फोनवर. चेहरा कुणी कुणाचा पाहिलेला नाही.

डिसेंबर उजाडला. मी मनातल्या मनात नांदेडला परतायची बॅग भरायला घेतली होती, आणि खरं सांगते, रडू यायचं.

एका सकाळी चहा पिताना अ‍ॅप उघडलं, तर संगप्पा काकांची पोस्ट!

संगप्पा काका म्हणजे आमच्या वजनकाट्यावर गाड्या तोलणारे. साठीला टेकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात बटणांचा फोन. सगळ्यांचं खातं उघडताना त्यांचंही मीच उघडलं होतं. त्यांनी ते कधी पाहिलंही नव्हतं. आणि पोस्ट अशी —

"येळवशीला आमच्या रानात या. समद्यांनी या. लेकरंबाळं घेऊन या. मुरुडच्या अलीकडं, हिरीपाशी आंब्याची दोन झाडं हायती तिथं."

खाली फोटो. ज्वारीचं उभं रान, कडब्याची छोटी झोपडीवजा कोपी, तिच्यावर गुंडाळलेलं पिवळं कापड. उजव्या कोपऱ्यातून एका लहान मुलीचा हात आत आलेला. हिरव्या बांगड्यांचा, बाजरीचा उंडा पकडलेला. बाकी मुलगी फोटोबाहेर.

आणि मग अ‍ॅपला जाग आली! कंधारच्या खरेदी केंद्रावरच्या गफारभाईंनी विचारलं, "ये येळवस क्या है?" त्यावर लातूरकर तुटून पडले. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं लातूर रानात जातं, शहरात चहा मिळायची मारामार होते, कोपीत पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा करतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, उंडे आणि ताकातली अंबिल पोटाला तडस लागेपर्यंत खातात, आणि बांधावरून जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवतात... एकेकाने निबंध लिहिले. भज्जीत चिंच किती यावरून मुरुड आणि लातूर दोन दिवस भांडले. कुणीतरी विचारलं, "काका, कोपीला शाल कुठाय? पिवळं काय गुंडाळलंय?" कुणी म्हणालं, "उंडा पळवणारी लेक कोणाची?" काकांचं उत्तर कशालाच नाही. शेवटी गफारभाईंनी लिहिलं, "दावत कबूल. आम्ही दोन जीपा करून येतो."

साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "वा, अर्चना!" आणि मी... गप्प बसले.

कारण मला ठाऊक होतं, पोस्ट काकांनी टाकलेली असणं शक्यच नाही. अ‍ॅपवाल्यांना विचारलं तर म्हणाले, पोस्ट त्यांच्याच खात्यावरून आहे, पण त्या खात्यात आजवर कुणी शिरलेलंच नाही. हे कसं, विचारलं तर त्यांनी माझी तक्रार "सोडवली" म्हणून बंद करून टाकली. मला वाटलं, कुणीतरी चावटपणा केलाय. तेव्हाच पोस्ट काढायला हवी होती. पण काढली तर अ‍ॅप पुन्हा मेलं, आणि माझी नोकरीही. शिवाय आपल्याकडे डबा उघडला की माणूस समोरच्याला "या जेवायला" म्हणतोच, आणि समोरचा "चालू द्या" म्हणून पुढे जातो. मी स्वतःला समजावलं, कोणी खरोखर थोडंच येणार आहे! पण जीपा ठरल्या, नांदेडच्या ऑफिसची सहा माणसं एसटीने निघणार म्हणाली, आणि मला घाम फुटला. काका-काकू दोघांच्याच दारात सत्तर माणसं उपाशी उभी राहणार, आणि ती माझ्यामुळे!

अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपारी काट्यावर गेले आणि भडाभडा सगळं ओकून टाकलं. काकांनी शांतपणे ऐकलं.

"मी न्हाई टाकलं पोरी. मला कुठं येतंय त्यातलं?"

"काका, माझं चुकलं. मी आत्ता सगळ्यांना नाही म्हणून कळवते."

"थांब की. किती मान्सं म्हणलीस?"

"सत्तर तरी होतील."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग असे हसले की काट्यावर उभ्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला.

"अगं, आमची ही चार दिसापासून सत्तर मान्साचं सामान काढून ठिवायली! मी भांडायलो तिच्यासंगं. पोरगं, सून पुण्याला, यंदा येत न्हाईत. दोघांसाठी एवढं कशाला? तर म्हणती, येणार हायती. कोण येणार, तर म्हणती, ते मला काय ठावं!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हता, एवढं मात्र नक्की.

येळवशीच्या सकाळी खोलीवर घाईघाईत नव्या पिवळ्या ओढणीला इस्त्री करताना मी ती जाळली. टोकाला इस्त्रीच्या आकाराचा तांबूस डाग. चडफडत तशीच घेतली आणि रेखाच्या स्कूटीवर बसले.

रानात पोचलो तर दृश्य बघण्यासारखं होतं. आंब्याखाली भज्जीचं हे एवढं पातेलं, अंबिलीचा घागरीएवढा डेरा, उंड्यांच्या परड्या. काकांच्या घरच्या महादेवीकाकू पदर खोचून, सगळ्यांना हात जोडून "शरणार्थ, शरणार्थ, बसा माय" म्हणत फिरत होत्या. कंधारच्या जीपा आल्या. गफारभाई खाली उतरले, आणि फोनवर वर्षभर त्यांच्याशी भांडणारे आमचे माल तपासणारे लातूरकर त्यांच्या गळ्यातच पडले. "तुम्हीच का ते ओल्या मालाचे!"

पूजेच्या वेळी काकूंनी कपाळाला हात लावला. सत्तर जणांच्या धांदलीत कोपीवर घालायची शाल घरीच राहिली होती. गाव लांब, वेळ निघून चाललेली. मी ओढणी काढून दिली. "जळकी आहे हो काकू," म्हटलं. त्या म्हणाल्या, "देवाला काय करायचंय जळकं न् नवं. दे इकडं." आणि त्यांनी ती कोपीभोवती गुंडाळली.

पंगत बसली, आणि मला वाटलं, एक फोटो घ्यावा. कोपी, मागे ज्वारी. मी बटण दाबलं आणि नेमकी त्याच वेळी गफारभाईंची नात उंडा घेऊन पळत आडवी गेली. फोटोत फक्त तिचा हात आला. हिरव्या बांगड्यांचा.

मी तो अ‍ॅपवर टाकायला गेले... आणि बोट तिथेच थांबलं.

काकांची पोस्ट उघडली. फोटो मोठा केला. पिवळं कापड, त्याच्या टोकाला इस्त्रीच्या आकाराचा तांबूस डाग. कोपऱ्यात तोच हात, तोच उंडा, कडेचा चावलेला घाससुद्धा तोच. दोन फोटो नव्हतेच ते. आत्ता माझ्या फोनमध्ये काढलेला फोटो आठ दिवसांपूर्वी अ‍ॅपवर पडला होता.

ओढणी तर मी आज सकाळी जाळली होती!

रेखाने दोनदा पाहिलं आणि ती बांधावरच खाली बसली. मी फोन काकूंना दाखवला. त्यांनी चष्म्यातून निरखून पाहिलं, मग माझ्याच हातात परत दिला. "बोलावणं कुणाचं का आसंना. आली न्हवं मान्सं? तू जेवली का?"

मी जेवले नव्हते. मग बसले, आणि त्या दिवशी जेवढी भज्जी खाल्ली तेवढी आयुष्यात कधी खाल्ली नाही. डोळ्यातून पाणी येत होतं, ते ठेच्याचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

अ‍ॅप राहिलं. मीही राहिले. सुविचार आणि सेल्फी बंद केले. आता कंधारवाले आपल्या किल्ल्यावरच्या सहलीचे फोटो टाकतात, मुरुडवाले कुणाच्या लेकीला नोकरी लागली ते कळवतात, आणि ओल्या मालाचं भांडण तिथेच सर्वांदेखत, हसतखेळत होतं. अ‍ॅपवाल्यांना दोन्ही फोटो पाठवले. त्यांनी तीही तक्रार "सोडवली".

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वडिलांना दोन्ही फोटो दाखवले, तर ते उठून चहा ठेवायला गेले.

यंदाच्या येळवशीला आठ दिवस राहिलेत. आज सकाळी काकूंचा फोन आला, "माय, औंदा शंभराचं काढलंय बघ." मी धावत अ‍ॅप उघडलं. काकांच्या खात्यावर काही नव्हतं. दुपारपर्यंत वाट पाहिली, तरी काही नाही. मग माझ्या लक्षात आलं, यंदा हे कुणी करायचंय ते.

माझ्या स्वतःच्या नावाने लिहिलं — येळवशीला रानात या. समद्यांनी या. लेकरंबाळं घेऊन या.

फोटो तेवढा जोडला नाही. तो अजून काढायचाय.