बर्फातलं बिऱ्हाड

आमच्या एडिसन गावातल्या शेजारच्या काकांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे अख्ख्या अमेरिकेनं मिळून दिले नाहीत. ते राहायला आले त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी पडदा सारते तर काय, मागच्या अंगणात गुडघाभर बर्फात हा पन्नाशीचा नागपूरकर इंजिनिअर कानटोपी घालून बसलेला, आणि काकूंच्या पोळ्यांच्या डब्यानं बर्फाच्या विटा पाडतोय. "इग्लू बांधून राहिलो," ते शांतपणे म्हणाले. "याच्या विटा गोल पडतात. तुमच्याकडे चौकोनी डबा आहे का?"

या सगळ्याच्या मुळाशी होता एक फार जुना मूकपट, आर्क्टिकमधल्या एका इनुइट कुटुंबाचा माहितीपट. दर वर्षी पहिला बर्फ पडला की काका लायब्ररीतून प्रोजेक्टर आणि रिळं आणत, बेसमेंटमध्ये चादर टांगत आणि झाडून सगळ्या मराठी मंडळींना बोलावत. वातावरणनिर्मितीसाठी हीटिंग कमी. थर्मोस्टॅटला कुणी हात लावायचा नाही. फिल्म मुकी, पण काकांचं तोंड कोण बंद करणार? सगळी पात्रं त्यांच्या तोंडून वऱ्हाडीत बोलायची. शिकारी भला थोरला प्राणी ओढत आणू लागला की त्याची बायको म्हणायची, "अहो, एवढा मोठा कायले आणला? फ्रीजमध्ये जागा कुठाय?" काकू कपाळाला हात लावायच्या, कारण वाक्य त्यांचंच असायचं. एरवी इंग्लिशमध्येच उत्तर देणारी आमची पोरंसुद्धा हसून लोळायची.

एका वर्षी पीएचडी करणारा एक मुलगा आला होता. रीळ बदलताना सहज म्हणाला, "काका, हे सगळं स्टेज केलेलं आहे, माहितेय ना? त्या लोकांकडे बंदुका होत्या, डायरेक्टरनं भाले धरायला लावले. ती त्या शिकाऱ्याची खरी बायकोही नाही. आणि कॅमेऱ्याला उजेड हवा म्हणून इग्लू अर्धाच ठेवला. उघड्यावरच झोपायची ॲक्टिंग केली त्यांनी."

इतकी वर्षं आम्ही त्या कुटुंबाला घरचंच समजत होतो. पण काकांचा चेहरा तर बघवेना. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला आणि रीळ डब्यात ठेवायला घेतलं. "खोटं दाखवत होतो तुम्हाला," एवढंच म्हणाले. पुन्हा ते कधी बोलावणार नाहीत, हे आम्हाला कळून चुकलं.

तेवढ्यात काकूंनी विचारलं, "अमेरिकेत आल्याबरोबर मामंजींना फोटो पाठवला होता तुम्ही, त्यातली लाल गाडी कुणाची होती?"

आम्ही सगळेच चपापलो. कुणाच्या तरी गाडीला टेकून काढलेला फोटो प्रत्येकानंच घरी पाठवला होता.

"पार्किंग लॉटमधली," काका पुटपुटले. "बाबांनी दसऱ्याला त्या फोटोला हळदकुंकू वाहिलं होतं."

"आणि कोट कुठे होता तुमचा?"

"काढून ठेवला होता. सूट दिसावा म्हणून."

"थंडी वाजत होती?"

"मरणाची."

"मग ती तर खरी होती ना," काकू म्हणाल्या.

काकांनी रीळ परत चढवलं. ते कुटुंब अर्ध्या इग्लूत निजायला आलं, लेकरं केसाळ कातड्यांत शिरली. दर वर्षी इथे काका घोरायचे. या वेळी ते शिकाऱ्याच्या बायकोच्या आवाजात, कॅमेऱ्यामागच्या माणसाला हळूच म्हणाले, "भाऊ, लवकर आटपा. पोरं गारठली."

कुणी हसलं नाही. काकूंनी उठून थर्मोस्टॅट वाढवला, आणि काकांनी वाढवू दिला.