चंद्रगाडी मेंढरांत अडकली तेव्हा

शेंद्र्याच्या एका कारखान्यात तीन वर्षं मी वेल्डिंगचे रोबोट सांभाळले. मग संशोधनात शिरले आणि चंद्रावर चालेल अशी गाडी करायला लागले. आईनं याचा अर्थ एवढाच घेतला, की पोरगी आता आणखी लांब नोकरीला जाणार.

गाडी बुटाच्या खोक्याएवढी, सहा चाकांची. कॅमेऱ्यानं दगड हेरायचे, नकाशात मांडायचे आणि आपली वाट आपण शोधायची, हे तिचं काम. प्रयोगशाळेतल्या वाळूत ती फार शहाण्यासारखी वागायची. म्हणून एका सकाळी मी आणि माझी सहकारी तिला गावाबाहेरच्या मुरमाड माळावर घेऊन गेलो. चंद्रावर गाडी थोडीच डोळ्यांना दिसणार आहे, म्हणून आम्ही तिच्याकडं पाठ करून बसलो. बघायचं ते फक्त लॅपटॉपवर.

सुरुवात झकास झाली. मग नकाशात दगड वाढायला लागले. आठ, पंधरा, चाळीस! गाडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

"एवढे दगड आले कुठून?" सहकारी म्हणाली.

तेवढ्यात मागून हाक आली, "ओ बाई, ही गाडी तुमची व्हय?"

वळून बघितलं, तर एक मेंढपाळ मावशी काठी टेकून उभी. तिची मेंढरं माळ ओलांडून पार पलीकडं पोचली होती. गाडी मात्र मोकळ्या जागेत अडून बसलेली. मेंढरू जिथं जिथं थांबलं, तिथं तिथं तिनं नकाशात एकेक दगड मांडून ठेवला होता.

"मेंढरं तर कवाच गेली. आता कुणाला भेतीया ही?"

"मावशी, तिनं एकदा दगड म्हटलं की तो कायमचाच."

"मंग पुन्हा बघावं की! डोळं दिल्यात ना तिला?"

मी सहकारीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. इतके महिने आम्हा दोघींना हे सुचलं नव्हतं. तिथंच मुरमावर बसून आम्ही प्रोग्रॅम बदलला: मांडलेला प्रत्येक दगड थोड्या वेळानं पुन्हा तपासायचा, नसला तर पुसून टाकायचा. मावशीनं मेंढरं पुन्हा माळावर वळवली आणि दुपारपर्यंत गाडी त्यांच्या मधून सुळकन निघायला लागली.

पुढं तज्ज्ञांच्या समितीसमोर हे सांगितलं, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ चष्मा सावरत म्हणाले, "पण चंद्रावर मेंढ्या कुठं आहेत?"

"सर, सावल्या आहेत. दगडासारख्या दिसतात आणि सरकतातही."

 ते मोठ्यानं हसले आणि पुढच्या चाचणीच्या कागदावर त्यांनीच पहिली सही केली.