बारा अन् बारा चोवीस व्होल्ट

मी चार वर्षं फौजेत हुते. शेवटची पोस्टिंग डोंगरातल्या एका चेकपोस्टवर. पाचला उठायचं, साडेपाचला पीटी, सहाला ड्यूटी. गाड्यांमधल्या बायांची झडती घ्यायला आमी चौघी पोरी हुतो. आता मी भवानी पेठेत ऱ्हाते, कडेवर लेकरू हाय, आन शेजारच्या बाया इचारतात, तिकडं भ्या वाटत न्हवतं का गं? वाटायचं की. पण गोळीचं न्हाय. बटणाचं.

माझं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. मी दुसरीत असताना मोटर चालू करताना काकाला करंट बसला, माझ्याम्होरंच आडवा पडला. वाचला, पण हात वाकडा झाला. तवापास्नं आय बटण लाटण्यानं दाबायची, आन मीबी. दहावी काठावर निघाली. इजेचा धडा आला की मी पान उलटायची. फौजेत लाटणं कुटनं आणू? टूथब्रश वापरायची.

ते हवालदार बिराजदारांनी बघितलं. आमच्या गाड्यांचे उस्ताद, अक्कलकोटकडचे. मला तंगी म्हणायचे, म्हंजे कन्नडमधी धाकटी बहीण.

"तंगी, रायफल हातात धरतीस आन बटणाला ब्रश? दात घासतीस का त्याचे?"

पोरी लोळून हसल्या.

"व्होल्टेज म्हंजे काय, सांग."

"लाईट किती हाय ते, उस्ताद."

"गावात पाण्याची टाकी कुटं हाय?"

"उंचावर."

"नळ?"

"खाली."

"आन नळ वर नेला, टाकीतल्या पाण्याच्या बरोबरीला, तर?"

"पाणी येणार न्हाय."

"टाकी भरलेली असून?"

"व्हय की."

"मग झालं. पाणी वाहतंय तो करंट. वरच्या-खालच्यातला फरक त्याला ढकलतोय, ते व्होल्टेज. फरक मोठा, ढकलणं मोठं. आपल्या ॲम्ब्युलन्सचं चोवीस, कोरड्या हाताला काय करत न्हाय. घरातलं दोनशे तीस, ते जीव घेतंय. कशाला भ्यायचं ते तरी कळू दे."

डोक्यात शिरलं. हातात न्हाय शिरलं.

एका संध्याकाळी ते म्हणले, "ॲम्ब्युलन्सच्या मागची लाईट बंद कर." ब्रश बराकीत ऱ्हायला हुता. मी नुस्तं दार लावून आले.

सकाळी सात दहाला वायरलेस आला. "वरच्या गावात बाळंतीण अडलीय. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

ड्रायव्हरनं चावी फिरवली. टक्. परत टक्. बॅटरी पार उतरली हुती.

"उस्ताद, लाईट मी चालू ठिवली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आठवड्याखाली जॅक निसटून त्यांचा उजवा हात मोडला हुता, प्लास्टरमधी हुता.

"आधी गाडी. मग तुला बघतो. स्टोअरमधनं दोन बॅटऱ्या आण. जोडणार तू."

एकेक बारा व्होल्टची. त्यांनी माझं घड्याळ काढायला लावलं. "पाना दोन्ही टोकांना एकदम लावू नको, ठिणगी उडंल." एकीच्या लालला दुसरीचं लाल, काळ्याला काळं, तसंच गाडीला जोडलं. सात बावीस. टक्.

उस्ताद वरडले न्हाईत. "शेजारी शेजारी ठिवल्यास की. बारा फुटाच्या टाकीशेजारी बारा फुटाची टाकी. उंची वाढली का?"

"न्हाय."

"मग?"

मला एकदम दिसलंच. एकीवर एक! सगळं सोडलं, एकीच्या काळ्याला दुसरीचं लाल जोडलं, उरलेली दोन टोकं गाडीला. उघड्या बोटांनी. काय झालं न्हाय. सात एकतीसला इंजिन असं वरडलं की मीच मागं पडले.

संगं बाई पायजे म्हणून मी गाडीत चढले. दवाखान्यापर्यंत त्या बाळंतिणीनं माझा हात सोडला न्हाय. नऊ पाचला पोस्टला कळवायला वायरलेस मीच घेतला, आन सुटले एका दमात, पोरगी झाली, गोरीपान हाय, आय बरी हाय, उस्ताद, माझी चूक हुती हो, पण दोघी बऱ्या हायत...

तिकडनं आवाज आला, "रडू नको. ओव्हर म्हण."

शिक्षा एक आठवडा. पोस्टवरचं एकूणएक बटण मीच दाबायचं, बोटानं. आन त्यांच्या प्लास्टरवर पेननं लिहायला लावलं, १२ + १२ = २४. म्हणले, "इसरलीस तर हितं बघायचं."

माझी चार वर्षं भरली, मी घरी आले, लगीन झालं. फुडल्या पावसात त्याच रस्त्यावर दरड आली. पेशंट आणायला ॲम्ब्युलन्स चालली हुती. गाडीत उस्ताद हुते. ते गेल्याचं मला फोनवर कळलं, तवा लेकरू पोटात हुतं.

मागच्या महिन्यात लेकराला घेऊन त्यांच्या घरी गेले. वैनींनी ट्रंकेतनं प्लास्टरचे दोन तुकडे काढले.

"सुट्टीला आले तवा पिशवीत घालून आणलं गं. म्हणले, आमच्या तंगीचा पेपर हाय, टाकू नको."

खोलीत अंधार हुता. अक्षर दिसंना.

"लाईट लाव की," वैनी म्हणल्या. "तुझ्या मागंच बटण हाय."

लेकराला डाव्या कडेवर घेतलं. उजवं बोट पदराला पुसून कोरडं केलं. आन दाबलं.