घाटाच्या तोंडाशी चौदा मिनिटं

मी या सदराचा नेहमीचा लेखक नाही. खरं सांगायचं तर मी इथला खोडसाळ वाचक. कुणी अनुभव लिहिला की खाली 'पुरावा?' एवढा एकच शब्द टाकून पसार होणारा तो मीच. आज पुरावा मागायची पाळी तुमची... आणि माझ्याकडे आहे तो फक्त एक पेन्सिलीने रेघा मारलेला कागद.

आम्ही भुसावळचे, बौद्ध. भूत-प्रेत, नवस, अंगात येणं यांना घरात थारा नव्हता. लहानपणी अंधाराला घाबरलो की बाबा हाताला धरून त्या अंधारातच फिरवून आणायचे. पुढे मी जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला संशोधनाला आलो आणि इथल्याच एका इन्स्टिट्यूटमध्ये चिकटलो. माझं काम यंत्रांच्या मापांतल्या चुका शोधण्याचं. म्हणजे स्वभाव आणि धंदा दोन्ही संशयाचे.

बाबा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची, कधी सोडायची ते ठरवणारे. कानाला हेडफोन, समोर आलेखाचा मोठा कागद. कागदावर उभी स्टेशनं, आडवी वेळ, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी उभी राहिली की रेघ आडवी होते, निघाली की पुन्हा तिरकी. रिटायर झाल्यावरही ही सवय सुटली नाही. आत्याच्या मुलीच्या लग्नाला जायचं तरी आधी तक्ता तयार.

इटलीचं खूळ त्यांचंच. चाळीस वर्षं भुसावळच्या उन्हात काढलेल्या माणसाला नोव्हेंबरमधलं धुकं बघायचं होतं. दर रविवारी स्काइपवर बेत चालायचा. मी म्हणायचो रोम, ते म्हणायचे बोलोन्या. "अरे, नकाशा बघ. पाच दिशांना लाइनी फुटल्यात. हे इटलीचं भुसावळ आहे. जंक्शनला मुक्काम करायचा, बॅगा एकदाच उघडायच्या. सकाळी जायचं, संध्याकाळी परत." फेरारा, रावेन्ना, मोडेना, पार्मा, वेरोना... सगळ्यांच्या रेघा त्यांनी आखल्या. परतीला म्युनिकमध्ये एक रात्र, कारण आईच्या गुडघ्यांना एका दिवसात एवढा प्रवास नको.

म्युनिकहून परत येतानाच्या रेघेत मात्र त्यांनी एक गंमत केली होती. उल्म सोडल्यावर आमष्टेटेन नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथून गाडी घाट उतरते. बाबांनी तिथे ११:०६ ते ११:२० अशी आडवी रेघ मारली होती.

"बाबा, हे काय? ही एक्सप्रेस तिथे थांबत नाही."

"घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासायला गाडी थांबतेच."

"ते आपल्याकडे. आणि चौदा मिनिटं थांबवून श्टुटगार्टला पुन्हा वेळेवर? पुढची रेघ बघा किती उभी झालीय, रुळावरून पाडायला निघालात गाडी."

"ते कंट्रोलरचं काम. तू फक्त बस."

मी खूप हसलो होतो. तो मे महिना होता, २०१६. जूनमध्ये बाबा गेले. पोटाचं दुखणं, आठ दिवसांत सगळं संपलं, असं मला कळलं. मी पोहोचलो तोवर उशीर झाला होता.

आता जे सलत होतं ते सांगतो. इटलीचा बेत त्याआधी दोनदा ठरला होता आणि दोन्ही वेळा मी पुढे ढकलला होता. एकदा प्रबंध, एकदा प्रोजेक्टचा रिपोर्ट. "पुढच्या वर्षी नक्की, बाबा." पाच महिने मी हे वाक्य छातीवर घेऊन फिरत होतो. बाबांना मी ताटकळत ठेवलं, आणि वाट बघत बघत ते गेले. आई एका शब्दाने बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याचा मला जास्त धाक होता.

पावसाळ्यातला वर्षावास संपल्यावर, ऑक्टोबरात, आई माझ्याकडे आली. बॅगेतून सगळ्यात आधी बाहेर काढला तो तक्ता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. "जायचं ना?" एवढंच म्हणाली. मी तिकिटं काढली.

सहल छान झाली. बोलोन्यातल्या भाड्याच्या घरात आई पहाटे उठून दशम्या करायची, आणि आम्ही त्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर फेराराच्या धुक्यात बसून खायचो. रावेन्नाच्या चर्चमधलं रंगीत काचतुकड्यांचं छत बघताना तिची मान दुखली तरी ती खाली बघेना. प्रत्येक गाडीत ती बाबांच्या रेघेवर पेन्सिलीने खरी वेळ टाकायची, ते टाकायचे तशी. मनगटावर बाबांचं घड्याळ, सैल, कोपरापर्यंत घसरणारं. मी तिच्याशी हवामान, तिकीट, प्लॅटफॉर्म यांबद्दल सतत बोलत होतो. बाबांबद्दल नाही.

परतीचा दिवस. म्युनिकहून सुटणारी सकाळची गाडी, बाहेर दाट धुकं. उल्म गेलं. मी मोबाइलवर मानहाइमला बदलायची कायझर्सलाउटर्नची गाडी बघत होतो, आणि आमची गाडी हळू होत होत थांबली. धुक्यातून पाटी दिसली. आमष्टेटेन. मोबाइलवर ११:०६.

मी हसलो. हे हसू जरा कोरडं होतं. योगायोग, दुसरं काय. दोन मिनिटं गेली, चार गेली. घोषणा नाही, काही नाही.

"आई, मी कंडक्टरला विचारून येतो. मानहाइमची गाडी चुकेल."

"बस."

"मध्ये नऊच मिनिटं आहेत, अगं."

"बस म्हणते ना. घाट आहे पुढे."

तिने तक्ता पिशवीतून काढला आणि पहिल्यांदाच उलटा करून माझ्यासमोर ठेवला. मागे बाबांच्या अक्षरात सामानाची यादी होती. थर्मास एक, स्वेटर दोन, मफलर दोन, छत्र्या दोन.

"दोनच?" मी म्हणालो. "बाबा स्वतःला धरायला विसरले."

"ते मोजायला कधी विसरले होते?" आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत बोलली. "आजार डिसेंबरातच कळला होता. डॉक्टरांनी दिवाळी दिसणार नाही म्हणून सांगितलं. हा कागद त्यांनी आपल्या दोघांसाठी केला. ते वाट बघत नव्हते रे तुझी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सगळं टाकून धावत आला असतास. त्यांना ते नको होतं. म्हणाले, पोराची गाडी आत्ता कुठे लाइनीला लागलीय, मध्येच लाल सिग्नल दाखवायचा नाही. आणि म्हणाले, मागाहून तो स्वतःला खात बसेल, तेव्हा हा कागद दाखव."

"मग इतके दिवस?"

"तू थांबतोस कुठे? ही गाडी, ती गाडी. त्यांना माहीत होतं. म्हणाले, घाटाशी गाडी उभी राहील, तेव्हा सांग. तिथून त्याला उठून जाता येणार नाही."

मला रडू आलं. मला, 'पुरावा?' लिहिणाऱ्याला, भर डब्यात. आईने माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि तीही रडली, जूननंतर पहिल्यांदा माझ्यासमोर. समोरच्या जर्मन बाई गाढ झोपल्या होत्या.

गाडी हलली तेव्हा आईने डोळे पुसले, घड्याळ मनगटावर खाली ओढलं, पेन्सिल घेतली आणि बाबांच्या आडव्या रेघेवर रेघ मारली. ११:०६ ते ११:२०.

तिथून श्टुटगार्ट चाळीस मिनिटांवर. घाटात वेगाची मर्यादा, पुढे वळणं. आम्ही श्टुटगार्टला ११:४७ ला पोहोचलो. म्हणजे वेळेवर, मिनिटाचाही फरक नाही. स्टेशनचं घड्याळ, माझा मोबाइल, बाबांचं घड्याळ, तिन्ही एकमत.

कंडक्टर बाई तिकीट बघायला आल्या तेव्हा मी विचारलं, आमष्टेटेनला आपण का थांबलो होतो? त्यांनी हातातल्या यंत्रात पाहिलं. "उल्मनंतर आपण कुठेच थांबलो नाही. प्युंक्टलिश, अगदी वेळेवर," म्हणाल्या, आणि माझ्या लाल डोळ्यांकडे बघून एक टिश्यूचं पाकीट ठेवून गेल्या.

तुम्ही जे जे म्हणाल ते माझं स्वतःला म्हणून झालंय. दुःखात वेळेचं भान जातं. खरंय, पण घड्याळाचं जात नाही. गाडी दोनच मिनिटं थांबली असेल. मग आईची रेघ? आईने बाबांचीच रेघ गिरवली असेल... असेल. पण ११:२० मी माझ्या डोळ्यांनी मोबाइलवर पाहिलेत. मापातली चूक शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि या चौदा मिनिटांत मला ती आजवर सापडलेली नाही.

कामानिमित्त म्युनिकला माझ्या फेऱ्या होतात. येताना मुद्दाम तीच सकाळची गाडी घेतो. ती आमष्टेटेनला पुन्हा कधीही थांबली नाही. पण उल्म गेलं की मी लॅपटॉप बंद करतो आणि भुसावळला फोन लावतो. तिकडे दुपारच्या चहाची वेळ असते. पहिल्याच रिंगला आई उचलते.

"घाट आला का?" विचारते.

"आला."

"मग बोल," म्हणते.