खासदाराचा कोळसा

इथे परदेशात, मरीन परेडला, साटेच्या, म्हणजे काडीला टोचून भाजलेल्या मांसाच्या, शेगडीवरून कोळशाचा धूर आला, की वीस वर्षांपूर्वीचा तो वेल्सचा डावा खासदार आठवतो. इथल्या आमच्या मराठी मंडळाने त्याला एका जयंतीच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. बाप कोळशाच्या खाणीत खंगून मेला, हे सांगत तो प्रत्येक निवडणूक जिंकत आला होता. आम्हालाही त्याने तासभर तेच ऐकवलं. तेव्हा मीही डोळे पुसले, आता त्याचंच हसू येतं.

मग आम्ही त्याला हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या उघड्या खाऊगल्लीत, जेवायला नेलं. धूर टेबलाकडे वळताच त्याने नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, “एसीत बसता येईल का?”

माझी बायको मराठीतच म्हणाली, “कोळसा बापाच्या छातीत गेला, याच्या फक्त भाषणात.”

आपलं कौतुक चाललंय असं वाटून त्याने हसत तिला हात जोडले.