थप्पीच्या बाहेरची दहा पोती

हेड ऑफिसचे साहेब फोनवर म्हणाले, उद्या अकराला पोलिसांना घेऊन येतो, किसनला सुट्टी देऊ नका. मी फोन ठेवला आणि खिडकीकडे बघितलं. किसनदादा खिडकीबाहेरच फाटकी पोती शिवत बसला होता.

मी सापगावची. हायवेलगतच्या कॉफीच्या गोदामात स्टॉक सांभाळते. किसनदादा आमच्या हमालांचा मुकादम, सिद्धगडाच्या पायथ्याचा. त्याची दहाही माणसं त्याच्याच गावची. आमच्याकडे न भाजलेलं, कच्चं बी येतं, साठ किलोच्या पोत्यांत. मोजणी वर्षातून दोनदा, पावसाळा सरताना आणि जानेवारीत. आकडे हेड ऑफिसला जातात. तिथे सगळ्या गोदामांचा मिळून देशाचा तक्ता बनतो: कॉफी पिकली किती, बाहेरून आली किती, परदेशी गेली किती, गोदामांत उरली किती. या हिशेबात जी सापडत नाही, ती आपल्या लोकांनी प्यायली असं धरायचं. तीनचार वर्षं हिवाळ्यातल्या या खपाची रेघ वर चढत होती. लोक चहा सोडून कॉफीवर आलेत, असं साहेब मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगायचे.

यंदा मात्र एक मोठा लॉट जागचा हललाच नव्हता. तरी जानेवारीत त्याचं वजन घटलं. पोती मोजून बरोबर, शिवण शाबूत. साहेबांकडे उत्तर तयार होतं: परखी. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी. पोत्यात खुपसली की शिवण न उसवता नमुना बाहेर येतो. रोज थोडं थोडं काढलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. आणि परखी किसनच्या ताब्यात असायची.

मी त्याला आत बोलावून सांगितलं. तो खालीच बसला.

"मी नाय नेली, बाई. आनि एकदा चोर नाव पडलं, तर माझ्या मान्सांना या हायवेवर कोन उभं करनार?"

तो गेल्यावर मी सगळी रजिस्टरं काढली. दर वेळी आम्ही मागच्या मोजणीशी ताडायचो. त्या दिवशी पहिल्यांदा माल आला तेव्हाचं वजन बघितलं. पावसाळ्याआधी आला तेव्हा पोत्याला साठ किलो. सप्टेंबरात बासष्ट. जानेवारीत पुन्हा साठ. कॉफी कुठेच गेली नव्हती. सप्टेंबरचा आकडाच खोटा होता, आणि तो माझ्या अक्षरात होता.

झालं होतं असं. सप्टेंबर सरता सरता आमच्याकडे हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापणीला येतं. हमालांचा जीव शेतात, माझाही. थप्पी, म्हणजे पोत्यांची रास, पूर्ण मोडून वजन करायला आठवडा लागतो. म्हणून आम्ही दाराजवळची, बाहेरच्या रांगेतली दहा पोती काट्यावर ठेवायचो आणि त्यावरून सगळ्या थप्पीचं वजन काढायचो. कच्चं बी हवेतलं पाणी ओढतं. बाहेरच्या पोत्यांनी चार महिने आमचा पावसाळा प्यायलेला असायचा. थंडीत ती सुकायची, आणि आम्ही म्हणायचो कॉफी खपली. माल दर वर्षी वाढत होता, त्यामुळे हा खोटा खपही वाढत होता.

किसनदादाने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, भाईरची पोती जड लागतात म्हणून. मी म्हटलं होतं, चल रे, घाई आहे.

खरं सांगते, गप्प बसायचं माझ्या मनात आलं. नोकरी गेली तर पुढे काय, या भीतीने दुपारचा डबा उघडलाच नाही. जुनी रजिस्टरं कुणीच बघत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. साहेब, त्यांच्या मागे हवालदार. किसनदादा भिंतीला टेकून उभा होता. मी तिन्ही वजनं साहेबांपुढे ठेवली.

"सप्टेंबरचं वजन कोणी घेतलं?"

"मी. बाहेरच्या दहा पोत्यांवरून काढलं. किसनने काही नेलं नाही, साहेब. ते पाणी होतं."

साहेबांनी तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "मागच्या वर्षांचं पण?"

"मागच्या वर्षांचं पण."

हवालदार चहा पिऊन गेले. मला मेमो मिळाला, बढती अडकली, नोकरी राहिली. पावसाळी भागातल्या बाकी गोदामांतही हीच पद्धत निघाली. तक्ता दुरुस्त केला तशी हिवाळ्याची ती चढती रेघ जवळजवळ आडवी झाली. साहेब आता मीटिंगमध्ये चहाचं नाव काढत नाहीत. मी शिकले ते एवढंच: वजन लिहिताना ते कुठल्या पोत्याचं, हेही शेजारी लिहायचं.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही भात शेतात उभं ठेवून थप्पी मोडली. किसनदादाने मधलं पोतं काट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी बोलल्यात म्हनून मी सुटलो, बाई. नसत्यात बोलल्या तर?"

मी काट्यावरचा आकडा वाचला आणि लिहून घेतला. शेजारी लिहिलं: मधलं पोतं.