गणिताच्या सरांचं लिनक्स

मी सरांच्या लॅपटॉपचा प्लग काढला आणि तिथे माझा मोबाइल चार्जिंगला लावला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. पडदा काळा झाला.

"भरला का मोबाइल?" सरांनी विचारलं. तेही काळजीनं!

आमच्या बालाघाटच्या शाळेत सर गणित शिकवायचे, मी भूगोल. शाळेला कोणीतरी दान केलेले छोटे लॅपटॉप होते. त्यांतला प्रोसेसर इतका दुर्मीळ, की त्याच्यासाठी तयार लिनक्स, म्हणजे कम्प्युटर चालवणारी प्रणाली, कोणी बनवेनासं झालं होतं. जुनं कसंबसं सुरू व्हायचं, पण त्यावर नवं काही चालत नसे. म्हणून सर मूळ कोड घेऊन त्याच मशीनवर नवं लिनक्स बांधत बसले होते. दिवसचे दिवस पडद्यावर ओळी सरकायच्या. मध्येच वीज गेली की डिस्क बिघडायची आणि पुन्हा श्रीगणेशा.

"काहून एवढा जीव टाकता, सर?"

"अरे, बैहरच्या जंगलाकडची पोरं येतात आपल्याकडे. त्याईनं कम्प्युटरले हात कधी लावावा? होऊन राह्यलं भाऊ, होऊन राह्यलं."

हेडमास्तरांनी बजावलं होतं, "सोमवार तक चालू नहीं हुआ, तो सब कबाड़ में." आणि मी प्लग काढला तो शनिवारी.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. ती रागावत नाहीत, त्यामुळे आपली फार पंचाईत होते. मी दोन दिवस त्यांना समोसे खाऊ घातले. तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

सोमवारी कबाडीवाला आला. सर एकेका लॅपटॉपचा पडदा रुमालानं पुसून तो त्याच्या हाती देत होते. "सपाट ठेव गा, काच आहे." त्यानं सगळे पोत्यात कोंबले. एक तेवढा सरांनी मागून घेतला.

निवृत्तीनंतर ते किरनापूरला गेले आणि वर्षभरात अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो, तर उशाशी तोच लॅपटॉप, त्यावर त्याच ओळी.

"होऊन राह्यलं," ते म्हणाले. आवाज पार खोल गेला होता.

सरांच्या तेरवीला गेलो तेव्हा लॅपटॉप खिडकीत पडला होता. मी प्लग लावून सुरू करून पाहिला. एक एरर दाखवून तो तिथेच थांबला. मला भरून आलं. मोठ्या गंभीरपणे म्हणालो, "वहिनी, सरांचं हे काम मी पूर्ण करतो."

वहिनींनी माझ्यापुढे ताट ठेवलं.

"जेवून घ्या भाऊजी. त्यायच्यानं झालं नाही, तुमच्यानं का होते!"